ऊन कुणाच्या खाती?

पॉल गेर्सोन उन्ना यांचा जन्म हॅम्बुर्गचा आणि कर्मभूमीही हॅम्बुर्गच. एल्बे नदीवरच्या या बंदरात जगभरचे समुद्र पालथे घालून आलेली माणसे उतरत. उभे आयुष्य डेकवर काढलेल्या या माणसांचा चेहरा, मान आणि हातांची पाठ वयाच्या मानाने फार लवकर म्हातारी झालेली असे. कातडी जाड आणि कोरडी, तिच्यावर कुठे तपकिरी डाग, कुठे रंग उडालेले पांढरट ठिपके, मध्येच सँडपेपरसारखे खरखरीत चट्टे. त्यातलाच एखादा चट्टा पुढे घट्ट होई, फुटे, भरून येत नसे आणि पसरत जाई. उन्नांनी ही कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. 1894 मध्ये त्यांचा त्वचारोगांच्या सूक्ष्मरचनेवरचा भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ‘खलाशाच्या कातडीचा कर्करोग’ असा स्वतंत्र विषय आहे. उघड्यावर, वाऱ्या-उन्हात केलेले काम कातडीत आधी बिघाड करते आणि त्या बिघाडातून कर्करोग उगवतो, हे त्यात सांगितले होते.

त्याच जर्मनीत उन्हात काम केल्यामुळे होणारा त्वचेचा कर्करोग ‘व्यवसायजन्य आजार’ म्हणून कायद्याच्या यादीत आला तो 1 जानेवारी 2015 रोजी. मधे 120 वर्षे गेली. एवढा काळ का लागला, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

कामामुळे कर्करोग होऊ शकतो हे 1775 पासून लिहिलेले होते. त्या वर्षी लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांबद्दल लिहिले. अरुंद धुराड्यांतून उघड्या अंगाने चढणाऱ्या या मुलांच्या अंडकोषाच्या कातडीवर काजळी साचून राही आणि वयात आल्यावर तिथे कर्करोग होई. काजळी डोळ्यांना दिसत होती, हाताला लागत होती. धुराडे कुणाचे आणि पोराला त्यात चढवणारा मालक कोण, हेही ठाऊक होते.

उन्हाचे तसे नव्हते. ऊन भाजते ते नेमके कशाने, हेच बराच काळ कळले नव्हते. उष्णतेने भाजते, असा सर्वांचा समज. लंडनमध्ये एव्हरार्ड होम यांनी 1820 मध्ये एक साधा प्रयोग केला. भर दुपारी त्यांनी आपला एक हात उघडा ठेवला आणि दुसऱ्यावर काळे कापड घातले. काळ्या कापडाखाली तापमान जास्त होते, तरी भाजला तो उघडा हात. म्हणजे दोष नुसत्या उष्णतेचा नव्हता. जांभळ्या रंगापलीकडे न दिसणारे किरण असतात, हे जर्मनीत योहान रिटर यांनी 1801 मध्येच दाखवले होते. पण कातडी भाजते ती याच अतिनील किरणांनी, याचा पक्का प्रायोगिक पुरावा स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी दिला 1889 मध्ये, उन्नांच्या ग्रंथाच्या अवघी पाच वर्षे आधी.

उन्नांपाशी खलाशी होते, तर फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्दो शहरात विल्यम द्युब्रेय यांच्यापाशी द्राक्षमळ्यांतले मजूर होते. बोर्दोच्या आसपास, विशेषतः मेदोक भागात, वेली बुटक्या ठेवतात. हिवाळ्यात छाटणी, वसंतात बांधणी, उन्हाळ्यात पानांची विरळणी, शरदाच्या तोंडावर तोडणी. यातले बरेचसे काम कमरेतून वाकून करायचे. वाकलेल्या माणसाची मान आकाशाकडे उघडी राहते आणि दिवसभर ऊन तिच्यावर पडते. अशा मानेची कातडी कालांतराने चामड्यासारखी होते आणि तिच्यावर खोल, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी उमटते. शेतकरी आणि खलाशी यांच्या मानेवरची ही खूण आजही त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकात असते.

द्युब्रेय यांनी 1896 मध्ये उन्हाने रापलेल्या कातडीवरच्या खरखरीत चट्ट्यांबद्दल लिहिले आणि 1907 मध्ये थेट सूर्यामुळे होणाऱ्या कर्करोगावर दुसरा लेख लिहिला. त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्यांनी शहर आणि खेडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बोर्दो शहरात राहणाऱ्यांत हे चट्टे क्वचित, भोवतालच्या मळ्यांत राबणाऱ्यांत सर्रास. माणसे एकाच प्रदेशातली, फरक कामाचा. शिवाय चट्टे नेमके चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर. प्रयोगशाळा नाही, किरण मोजायचे यंत्र नाही; रुग्ण काय काम करतो आणि ते करताना त्याच्या अंगाचा कोणता भाग उघडा राहतो, एवढे दोन प्रश्न विचारून त्यांनी कारण गाठले. दरम्यान 1906 मध्ये शिकागोचे जेम्स नेव्हिन्स हाइड यांनीही प्रकाश आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध मांडला. झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात मुलांना ऊन जराही सोसत नाही आणि लहान वयातच कातडीवर एकामागून एक कर्करोग येतात. या मुलांकडे आणि काळ्या वर्णाच्या लोकांत हा कर्करोग कमी दिसतो याकडे हाइड यांनी बोट दाखवले. कातडीतला रंग हे संरक्षण आहे आणि ते संरक्षण प्रकाशापासून आहे, हा त्यांचा युक्तिवाद.

जर्मनी, फ्रान्स, अमेरिका अशा तीन देशांतून बारा-तेरा वर्षांत तीच साक्ष आली होती. पुढचे पाऊल कारखाना-कायद्याने उचलायला हवे होते. झाले उलटेच. त्याच वर्षांत सूर्याला वैद्यकात मानाचे पान मिळाले. डेन्मार्कचे निल्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले आणि 1903 चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझां येथे ऑग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांना उन्हात झोपवणारे रुग्णालय सुरू केले. 1919 मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याने बरी केली. हे सारे खरे होते, उपकारक होते. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांतल्या पोरांना ऊन खरोखर हवे होते. पण या उजेडात मळ्यातला मजूर दिसेनासा झाला. पहिल्या महायुद्धानंतर तर उन्हाने तांबूस झालेले अंग युरोपातल्या सुखवस्तूंची फॅशन झाली. पूर्वी रापलेली कातडी मजुराची ओळख होती, ती आता सुट्टी परवडणाऱ्याची ओळख झाली. जे अंगाला चांगले म्हणून श्रीमंत पैसे मोजून घेतात, तेच मजुराला फुकट मिळते, मग त्याची तक्रार कसली, असा विचार करायला समाजाला फार सायास पडत नाहीत.

दुसरे कारण आजाराच्या स्वभावात आहे. उन्हातल्या कामाने प्रामुख्याने होतो तो कातडीच्या वरच्या थरातल्या स्क्वॅमस पेशींचा कर्करोग. तो वर्षानुवर्षांच्या उन्हाच्या बेरजेतून येतो, बहुधा साठीच्या आसपास किंवा नंतर. तोवर माणूस कामावरून उतरलेला असतो. कानाच्या पाळीवर किंवा खालच्या ओठावर चट्टा आला, तर तो ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. सुरुवातीला दुखतही नाही.

1925 मध्ये जर्मनीने व्यवसायजन्य आजारांची पहिली यादी केली. तिच्यात अकरा आजार होते. टार, पिच, पॅराफिन यांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग त्यात होता. उन्नांच्या ग्रंथाला एकतीस वर्षे झाली होती, तरी सूर्य त्यात नव्हता. मला यात द्वेष किंवा कट दिसत नाही. टार विकत घेतले जाते, साठवले जाते, कुणाच्या तरी आवारात असते. त्याच्यामुळे झालेले नुकसान त्या आवाराच्या मालकाकडे मागता येते. ऊन कुणाच्याच आवारातले नव्हते, म्हणून त्याचा भुर्दंड ज्याच्या मानेवर ते पडले त्यालाच बसला. मजुराला उन्हात उभे करणारा मात्र मालकच होता.

‘ऊन हेच कारण कशावरून?’ हा प्रश्न मग प्रयोगशाळेत गेला. 1928 मध्ये लंडनच्या जी. एम. फिंडले यांनी अतिनील दिव्याखाली उंदरांत कर्करोग निर्माण केला. ब्वेनोस आयरेसमध्ये आंखेल रोफो यांनी 1930 च्या दशकात दिव्याऐवजी खुद्द अर्जेंटिनाचे ऊन वापरले. पांढरे उंदीर त्यांनी महिनोन्‌महिने उन्हात ठेवले आणि त्यांच्या कानांवर व उघड्या भागांवर गाठी आल्या. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात मात्र तसे झाले नाही. काच उजेड आणि उष्णता आत येऊ देते, पण भाजणाऱ्या अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. होम यांच्या काळ्या कापडाने शंभर वर्षांपूर्वी जे सुचवले होते, तेच रोफो यांच्या काचेने दाखवून दिले.

तोवर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रयोग माणसांवर चालू होता, कुणीही न ठरवता. ऑस्ट्रेलियात ब्रिटन-आयर्लंडमधून आलेल्या गोऱ्या, ठिपकेदार कातडीच्या लोकांनी वसती केली होती. आकाश स्वच्छ, ऊन प्रखर आणि कामे बाहेरची : मेंढपाळी, कुंपणे, रेल्वे, ऊस. क्वीन्सलंडचा ऊस आधी प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आणलेल्या सावळ्या मजुरांनी उभा केला. 1863 पासून चाळीस वर्षांत असे सुमारे 62 हजार मजूर आणले गेले, त्यातले कित्येक फसवून किंवा पळवून. 1901 मध्ये ऑस्ट्रेलिया संघराज्य झाले आणि ‘गोरा ऑस्ट्रेलिया’ धोरणाखाली पहिल्याच वर्षी या मजुरांना परत पाठवण्याचा कायदा झाला. ज्यांनी तिथे संसार मांडले होते त्यांतल्याही कित्येकांना हाकलण्यात आले. त्यांच्या जागी उसात गोरा मजूर उतरला. गोरा माणूस उष्ण कटिबंधात अंगमेहनत करू शकतो का, हा त्या काळात तिथे राजकारणाचा आणि वैद्यकाचा मोठा वाद होता. तो करू शकतो, असे उत्तर निघाले. त्याच्या कातडीचे काय होते, याचे उत्तर दवाखान्यांत साचत गेले. वर्णद्वेषाने आखलेल्या धोरणाची झळ आधी बेटांवरच्या माणसांनी आणि पुढे वेगळ्या रीतीने गोऱ्या ऊसतोड्यांनी सोसली, असे मी म्हणेन.

सिडनीच्या नॉर्मन पॉल यांनी 1918 मध्येच सूर्यप्रकाश आणि त्वचेचा कर्करोग यावर पुस्तक लिहिले होते. 1956 मध्ये हेन्री लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंची आकडेवारी नकाशावर मांडली. मेलानोमा हा त्वचेच्या कर्करोगांतला सर्वांत घातक प्रकार. युरोपीय वंशाच्या लोकांत विषुववृत्ताच्या जवळ जावे तसतसे त्याचे मृत्यू वाढतात, असे त्यांना दिसले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड त्यात पुढे होते.

पण मेलानोमाचे गणित मजुराच्या बाजूने सरळ बसत नाही. रोज थोडे-थोडे ऊन घेणाऱ्यापेक्षा आठवडाभर घरात बसून सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर भाजून घेणाऱ्याला त्याचा धोका अधिक, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. स्क्वॅमस पेशींचा कर्करोग हा बेरजेचा आजार, मेलानोमा बराचसा अधूनमधून भाजण्याचा. सरकार आणि वर्तमानपत्रे यांचे लक्ष साहजिकच जास्त जीव घेणाऱ्या मेलानोमाकडे गेले आणि त्याबरोबर किनाऱ्याकडे, सुट्टीकडे. रस्त्यावर, छपरावर, शेतात काम करणारा माणूस पुन्हा मागे पडला.

तरीही ऑस्ट्रेलियाने जे केले ते मोठे आहे. 1981 मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोगविरोधी संस्थेने टीव्हीवर सिड नावाचा एक नाचरा सीगल पक्षी आणला. त्याने लोकांना गाण्यातून तीन गोष्टी सांगितल्या : शर्ट चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. देशभरची पोरे ते गाणे म्हणत मोठी झाली. टोपी नसेल तर मैदानावर खेळायला जायचे नाही, हा नियम शाळांनी केला. पुढे क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर या साखर कारखान्याच्या गावात अ‍ॅडेल ग्रीन यांच्या चमूने 1992 ते 1996 या काळात 1,621 प्रौढांना घेऊन चाचणी केली. निम्म्यांनी रोज सनस्क्रीन लावायचे, बाकीच्यांनी आपल्या सवयीप्रमाणे वागायचे. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस पेशींचे कर्करोग सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघाले. म्हणजे हा आजार टाळता येतो, तेही ज्यांची निम्मी हयात उन्हात गेली आहे अशा माणसांतसुद्धा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दिलासा देणारी नोंद आहे.

उरला होता शेवटचा दुवा : ऊन पेशीच्या आत नेमके करते काय? अतिनील किरण डीएनएच्या साखळीतले दोन शेजारचे घटक एकमेकांना चिकटवतात. निरोगी पेशी या बिघाडाची दुरुस्ती सतत करत असते. सॅन फ्रान्सिस्कोचे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये दाखवले, की झेरोडर्मा पिग्मेंटोसम झालेल्या मुलांच्या पेशींत हीच दुरुस्ती होत नाही. हाइड यांनी बासष्ट वर्षांपूर्वी ज्या मुलांकडे बोट दाखवले होते, त्यांचे कोडे तेव्हा उलगडले. आणि 1991 मध्ये डग्लस ब्रॅश व त्यांच्या सहकाऱ्यांना स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात पी 53 नावाच्या जनुकात असे बदल सापडले, जे अतिनील किरणांचीच खास खूण मानले जातात. आता कारण थेट गाठीतच वाचता येत होते. 1992 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. टार आणि काजळी त्या गटात आधीपासून होतीच.

आता कायद्यापुढे एकच अडचण शिल्लक होती, आणि ती खरी अडचण होती. ऊन तर सगळेच घेतात. गवंड्याला झालेला कर्करोग बांधकामावरच्या उन्हाचा की बागेतल्या आणि सुट्टीतल्या? जर्मन तज्ज्ञांनी यावर तोडगा काढला तो मोजणीचा. कामावरून मिळालेले ऊन सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला येणाऱ्या उन्हापेक्षा किमान 40 टक्क्यांनी जास्त भरले पाहिजे. म्हणजे साधारण पन्नाशीच्या माणसाने पंधरा-एक वर्षे पूर्णवेळ उघड्यावर काम केलेले असले पाहिजे. 2013 मध्ये शिफारस झाली, 2015 पासून ती अमलात आली. स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, किंवा तो व्हायच्या आधी येणारे अनेक खरखरीत चट्टे, यांचा यादीतला क्रमांक 5103. टार आणि काजळीचा त्वचाकर्करोग आहे 5102. या दोन आकड्यांतले अंतर ओलांडायला नव्वद वर्षे लागली. मेलानोमा आणि बेसल पेशींचा कर्करोग हा त्वचाकर्करोगाचा आणखी एक प्रकार अजून त्यात नाहीत, कारण त्यांचा कामाशी संबंध तितक्या ठामपणे बांधता आलेला नाही.

यादीत येताच गवंडी, छपरे घालणारे, शेतकरी, माळी यांचे अर्ज हजारांनी आले. आजार एकाएकी वाढला नव्हता. विचारणारे कुणीतरी मिळाले, एवढेच. 2019 पासून कडक उन्हात राबणाऱ्यांना त्वचेची तपासणी देऊ करणे तिथल्या मालकांना बंधनकारक झाले. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून अंदाज काढला : 2019 या वर्षी जगात 1.6 अब्ज माणसे कामावर असताना सूर्याचे अतिनील किरण अंगावर घेत होती आणि त्यातून होणाऱ्या, मेलानोमा सोडून इतर, त्वचाकर्करोगांनी त्या वर्षी 18,960 जणांचा जीव घेतला. 2000 मध्ये हा आकडा 10,088 होता.

आपल्याकडचे काय? बहुतेक मराठी माणसांच्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर आहे आणि ते या कर्करोगापासून खरेच मोठे संरक्षण देते. आपल्या शेतमजुराला उन्हाचा पहिला धोका उष्माघाताचा आहे, मग डोळ्यांचा, कारण मोतीबिंदूत अतिनील किरणांचा वाटा असतो. कर्करोग त्यानंतर येतो. उगाच भीती घालण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंग नसतो, त्यांना हा दिलासा लागू नाही. अशी माणसे आपल्या गावांतही आहेत, त्यांतली कित्येक शेतीवरच जगतात आणि त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद टोपी आणि दुपारची सावली ही औषधाइतकीच गरजेची आहेत.

रुग्णाच्या राहणीकडे पाहून कर्करोगाचे कारण शोधण्याची द्युब्रेय यांची दृष्टी मुंबईलाही अपरिचित नव्हती. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर यांनी 1940 च्या दशकात ‘धोतर कर्करोग’ नोंदवला. कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराने वर्षानुवर्षे एकाच जागी कातडी घासते, तिचा रंग जातो आणि तिथे गाठ येते. आपल्याकडे कामगार भरपाईसाठीच्या व्यवसायजन्य आजारांच्या कायदेशीर यादीतही टार, पिच, बिटुमेन आणि खनिज तेलाने होणारा त्वचेचा कर्करोग आहे. ऊन नाही. डांबरी रस्ता करणारी बाई यातले डांबर आणि ऊन एकाच वेळी सोसते. कायदा आज तिच्या बाबतीत फक्त डांबराचा विचार करतो. दुपारी बारा ते तीन काम थांबवणे आणि मुकादमाने सावली व पाणी देणे हे उष्माघातासाठी मागितले जातेच. तीच मागणी कातडी आणि डोळे यांच्यासाठीही आहे, हे कामगार संघटनांनी आपल्या निवेदनांत लिहायला हवे.

आणि वाचकांना एक विनंती. घरातल्या किंवा कामावरच्या कुणाच्या ओठावर, कानाच्या पाळीवर, नाकावर किंवा हाताच्या पाठीवर महिनाभर न भरणारी जखम दिसली, पुन्हा पुन्हा खपली धरणारा खरखरीत चट्टा दिसला, तर मलमे बदलत थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. वेळेवर काढला तर हा कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.